थंडीतील सहल व आप्ताचे अकस्मात दुखणे : कुटुंबप्रमुखांसाठी काही सूचना

मार्गशीर्ष सरत आला, पहाटे तुळशीला पाणी घालणाऱ्या हातांची बोटे आखडू लागली आणि मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी पडली, म्हणजे मराठी मध्यमवर्गीय घरात सहल नामक सार्वजनिक कार्याची पूर्वचिन्हे दिसू लागतात. हे कार्य तडीस कसे न्यावे याविषयी आपल्या प्रवासवर्णनांत फारसे काही सापडत नाही; कारण ती बहुधा एकट्याने हिंडणाऱ्या, अथवा बरोबरच्या माणसांचा उल्लेख टाळण्याइतपत सभ्य असणाऱ्या लेखकांनी लिहिलेली असतात. प्रस्तुत सूचना ज्या गृहस्थाच्या शिरावर चौदा माणसे, सतरा आसनांची भाड्याची गाडी, सहा पिशव्या फराळ आणि एक सेवानिवृत्त अव्वल कारकून यांचा बंदोबस्त येऊन पडला आहे, त्याच्यासाठी आहेत. मी हे पद एकदा भूषविले असून पुन्हा भूषविण्याची माझी इच्छा नाही, यावरून माझा अनुभव अस्सल असल्याची खात्री वाचकांनी करून घ्यावी.

स्थळाची निवड सर्वानुमते करावी. म्हणजे आधी खोल्यांचा विसार देऊन टाकावा आणि मग मसलतीस बसावे. आमच्या मसलतीत कोकण, गाणगापूर आणि ‘कुठेच नको’ असे तीन पक्ष होते. विसार महाबळेश्वरचा दिलेला असल्याने ठराव महाबळेश्वरचा झाला. या निवडीस ऐतिहासिक आधारही आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ च्या सुमारास सातारच्या छत्रपतींकडून ही जागा खंडाळा गावाच्या मोबदल्यात मागून घेतली, ती कुंपणी सरकारच्या दुखणाईत साहेबांना हवापालट करता यावा म्हणून. साडेचार हजार फुटांवरचे हे पठार अशा रीतीने रुग्णांसाठीच वसविलेले असून, धडधाकट माणसांनी तेथे जाऊन घोड्यावर बसावे ही मागाहून शिरलेली चाल आहे. आमच्या नानांनी मूळ उद्देशाचा मान राखला, इतकेच.

नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे समोर आलेले कोणतेही बिल तपासल्याशिवाय आणि त्यातून काही कमी करून घेतल्याशिवाय चुकते करणे त्यांना कर्तव्यच्युती वाटते. म्हणून सहलीचा खजिना अशाच आप्ताच्या हवाली करावा. औषधांची पिशवी मात्र आत्याच्या देखरेखीखाली भरावी. तीत ओवा, सुंठ, आमसुले, हिंग्वाष्टक चूर्ण, बामच्या दोन बाटल्या आणि एक शेकण्याची रबरी पिशवी असा सरंजाम असावा, की एखाद्या पलटणीला अजीर्ण झाले तरी निभावून जावे. नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीत सापडणार नाहीत. त्या नानांच्या खास अखत्यारीत असतात आणि ‘ज्याअर्थी डोके दुखत नाही, त्याअर्थी दाब नाही’ अशा स्वतःच काढलेल्या हुकुमान्वये दिवाळीपासून तहकूब असतात. रक्तदाब सहसा दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे. तो तक्रार न करता वर्षानुवर्षे आपले काम करीत राहतो, आणि मग एके दिवशी सगळी थकबाकी एकदम मागतो.

आता साहसाकडे वळू. थंडीत महाबळेश्वरी गेलेल्या कुटुंबास घडण्याजोगे साहस एकच, ते म्हणजे वेण्णा तळ्याकाठी पहाटे गोठलेले दव पाहणे. वर्तमानपत्रे त्याला हिमकण म्हणतात आणि वाचक त्यावर विश्वास ठेवून काश्मीरला जाण्याचे पैसे वाचवितात. वस्तुतः तेथे आकाशातून काही पडत नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, गार झालेली जड हवा उतारांवरून ओघळून तळ्याच्या खोलगटात साचते, आणि गवताची पाती, धक्क्याच्या फळ्या व मोटारींचे टप शून्याखाली उतरतात. त्याच वेळी तापमापक मात्र खुशाल सहा-सात अंश दाखवीत असतो, कारण तो जमिनीलगत नसून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेला असतो. खाली सारे गोठले असता छातीपाशी सर्व क्षेम असल्याचा हा अहवाल ऐकून नाना मनापासून हसले. ‘आमच्या कचेरीत हेच चाले,’ असे ते म्हणाले.

चौदा माणसांना सहा वाजता तळ्याकाठी उभे करावयाचे असल्यास साडेतीनपासून उठवावयास लागावे, कारण पाणी तापविण्याचे यंत्र एकच असते आणि सर्वांत आधी उठलेला मनुष्य त्यातले सगळे पाणी वापरून पुन्हा निजतो. ज्येष्ठांना माकडटोपी घालावी. ती त्यांनी काढू नये असे बजावावे. ती ते काढतील.

दुखणे केव्हा यावे याला नियम नाही; ते कसे ओळखू नये, याला मात्र पुष्कळ आहेत. नानांनी नातवाला दाखविण्यासाठी गाडीच्या टपावरचा पांढरा थर उघड्या तळव्याने खरवडला, छायाचित्रापुरती टोपी उतरविली, धक्क्याकडून चढ चढून वर आले आणि कठड्यावर बसले, ते उठेनात. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो आणि हृदयाला तेच काम जास्त जोर लावून करावे लागते, हे कोणत्याही वैद्याने सांगितले असते. परंतु तळ्याकाठी वैद्य नव्हता, नातेवाईक होते. आम्हां सर्वांच्या तोंडून वाफा निघत होत्या आणि नानांच्या कपाळावर घाम डवरला होता. ‘छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय,’ असे ते हळूच म्हणाले आणि डावा खांदा चोळू लागले.

अशा प्रसंगी रोगनिदान ज्येष्ठतेच्या क्रमाने करावे, हा कुटुंबाचा पहिला कायदा. आत्याने रात्रीच्या मक्याच्या पॅटिसवर ठपका ठेवला. थोरल्या काकांच्या मते वारा धरला होता. मावसभावाने उसण म्हटले, कारण त्याला स्वतःला नेहमी उसण भरते. आणि काकूंनी, आदल्या दिवशी बाजारात एका बाईने नानांच्या नव्या स्वेटरकडे टक लावून पाहिल्याचे स्मरण करून दिले. अखेरीस पित्त मंजूर झाले. मराठी कुटुंबात अखेरीस नेहमी पित्तच मंजूर होते. त्याचे कारण पुष्कळ दिवस माझ्या ध्यानात आले नव्हते, ते त्या कठड्यापाशी आले : आमच्यात रोगाचे नाव लक्षणांवरून ठरत नाही, दिवसाच्या उरलेल्या कार्यक्रमावरून ठरते. नौकाविहार व्हावयाचा होता, लिंगमळा व्हावयाचा होता, स्ट्रॉबेरीचा मळा व आर्थर सीट व्हावयाचे होते, आणि खोल्यांचे भाडे आणखी दोन दिवसांचे आगाऊ भरलेले होते. या सर्वांशी सुसंगत असा आजार पित्त हाच होता. हृदयविकार कार्यक्रमात कुठेच बसत नव्हता.

निदान झाल्यावर उपचार ओघानेच येतात. नानांना ओवा चावावयास दिला, सोडा पाजला, पाठ चोळली, आणि थोरल्या काकांनी ‘जरा चार पावलं चाला, मोकळं होईल’ अशी सूचना केली. या शेवटच्या सूचनेपुरता मी गंभीर होतो आणि वाचकांनीही व्हावे. अशा माणसाला एक पाऊलही चालवू नये, पायऱ्या चढवू नयेत, गाडी चालवू देऊ नये. टेकून बसवावे आणि १०८ हा क्रमांक फिरवावा, की जो महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य आहे. आम्ही तो फिरविला नाही, कारण तेथे कोणी ओळखीचे नव्हते.

ओळख हा विषय स्वतंत्र प्रबंधाचा आहे. मरणासन्न माणूसही ओळखीशिवाय रुग्णालयात दाखल करणे आपल्याकडे अप्रतिष्ठेचे समजतात. त्या पहाटे आम्ही पाच डॉक्टरांना फोन लावले. त्यांपैकी एक त्वचारोगतज्ज्ञ, एक दंतवैद्य, एक झोपेत, आणि एक माझ्या चुलतबहिणीच्या नणंदेचे दीर निघाले, त्यांनी अत्यंत आपुलकीने ‘पुण्याला आणा, मी बघतो’ असे सांगितले. पुणे तेथून सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. पाचव्यांचा फोन लागला नाही, आणि त्यांच्याविषयीच सर्वांना फार भरवसा वाटत होता.

इतका वेळ आमचा ड्रायव्हर गाडीच्या काचेवरचे दव जुन्या वर्तमानपत्राने पुसत उभा होता. तो वाईकडचा. नात्यातला नसल्यामुळे त्याला मसलतीत जागा नव्हती, आणि कार्यक्रम कितीही रद्द झाले तरी त्याचे भाडे बुडणार नव्हते. एकंदरीत चौदा-पंधरा माणसांत आजाऱ्याकडे नुसते बघण्यास तो एकटाच मोकळा होता. तो आला, नानांच्या कपाळाला हात लावून त्याने तो आपल्या विजारीला पुसला आणि म्हणाला, ‘ह्यास्नी आधी गाडीत घ्या. पित्ताचं मागनं बघू.’ काकांनी त्याला आपली मर्यादा सोडू नकोस असे सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘हितं काय झालं तर पंचनाम्यात माझं बी नाव येतंय, काका.’ पंचनामा हा शब्द कानी पडताच नानांनी डोळे उघडले. ‘तो म्हणतो ते बरोबर आहे,’ असे त्यांनी सांगितले, आणि खात्यातल्या माणसाचा अभिप्राय आल्यामुळे प्रकरण पुढे सरकले. चौघांनी त्यांना उचलून गाडीत ठेवले. ठराव ते अंमलबजावणी यांत पस्तीस मिनिटे गेली होती.

गावातल्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना आम्ही आडनाव, मूळ गाव व शिक्षण विचारून घेईपर्यंत त्यांनी नानांच्या छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढलाही होता. हा आलेख पाच-दहा मिनिटांचे काम असते आणि त्याला पॅटिस, वारा अथवा दृष्ट यांविषयी काडीचाही आदर नसतो. हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती. ती अडकलेली असेतो पलीकडचा स्नायू क्षणाक्षणाला मरत असतो, आणि तो एकदा मेला की मागाहून कितीही नामांकित तज्ज्ञ आणला तरी त्याला परत जिवंत करता येत नाही. बाईंनी ॲस्पिरिनची गोळी चावून खावयास लावली आणि गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन देण्यासाठी संमतीचा कागद पुढे केला. हे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी असते, आणि त्यांतही जितके लवकर तितके बरे. कागदावर सही कोणी करावी यावर दुसरी मसलत भरू पाहत होती. पण आत्याने कुणाकडेही न बघता कागद ओढला आणि सही केली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एखाद्या कागदावर नानांना न विचारता सही करताना प्रथमच पाहिले. नानांनी क्षीण आवाजात चष्मा मागितला. त्यांना मजकूर वाचावयाचा होता.

पुढचा प्रवास रुग्णवाहिकेने, पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून, हृदयाची स्वतंत्र व्यवस्था असलेल्या खालच्या रुग्णालयापर्यंत झाला. नाताळच्या सुट्टीत त्या घाटाने वर चढणाऱ्या मोटारींची रांग पाहिली म्हणजे मराठी माणूस प्रवासभीरू असल्याचा आरोप कोणी करणार नाही. भोंगा ऐकून लोक वाट देत होते. एकाने तर काच खाली करून, आत कोण आहे आणि काय झाले, याची आस्थेने चौकशी केली. आत्या नानांच्या पायांशी बसली होती. तिने औषधांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि ती तिने वाईपर्यंत उघडली नाही.

खाली नानांच्या धमनीत जाळीदार नळी बसविण्यात आली, याहून अधिक तपशील वैद्यकीय असल्याने गाळतो. रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकांवर काय करावे, हे सांगणे अधिक अगत्याचे आहे. तेथे दोष वाटून घ्यावा. आम्ही दुपारपर्यंत तो थोडासा थंडीला, थोडा नानांच्या गोळ्यांना, बराचसा मला, आणि उरलेला आत्याला न विचारता पॅटिस मागविणाऱ्या मावसभावाला, असा वाटून दिला. थोरले काका मात्र, ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो’ असे सांगू लागले आणि कोणीही त्यांना विरोध केला नाही, कारण ते नेमके काय म्हणत होते हे तोवर सर्वजण विसरले होते. भेटीस येणाऱ्यांना वेळेची मर्यादा घालावी. ती पाळली जात नाही, तरी घालावी.

चौथ्या दिवशी नानांना अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणले, आणि त्याच दुपारी ड्रायव्हर हिशेब घेऊन आला. नानांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला व प्रत्येक ओळीवर बोट ठेवीत वाचला : किलोमीटर, रात्रीचा मुक्काम, थांबण्याचे पैसे, घाटाचा टोल. मग त्यांचे बोट थांबले. तळ्यापासून रुग्णालयापर्यंतची फेरी त्यात कुठे मांडलीच नव्हती. ‘हे काय?’ त्यांनी विचारले. ‘त्याचं कशाला, साहेब,’ ड्रायव्हर म्हणाला. अशी मोघम सूट हिशेबात चालत नाही, असे नानांनी त्याला समजावून सांगितले, ती बाब स्वहस्ते वाढविली, बेरीज नव्याने केली, आणि त्या वाढीव रकमेवर शंभर रुपये कमी करण्यासाठी त्याच्याशी घासाघीस सुरू केली.