शेवटचा दीड मीटर

भिलाईत गाणं ऐकायचं तर साथीला कारखान्याची मालगाडी आणि डोक्याशी घरघरणारा कूलर असतोच. तरी इथल्या ध्वनिवेड्यांचं भांडण पॉवर केबलवरून! कोरब्याकडची वीज ॲल्युमिनियमच्या साध्या तारांतून मैलोन्‌मैल येते. ‘शुद्ध’ होते म्हणे ती प्लगपासून अँप्लिफायरपर्यंतच्या शेवटच्या दीड मीटरात. डोळे बांधून ओळखा म्हटलं, की ताणामुळे यांचे कान बसतात. (किंमत कळली की लगेच उघडतात.) २००७ साली भोंदू दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल निव्वळ कानांनी ओळखणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले. बक्षीस कुणीच नेलं नाही. इतका निरिच्छ पंथ दुसरा नसावा! केबल जरूर घ्या, पण आधी मे महिन्यात कूलर बंद करून गाणं ऐकून दाखवा.