वार कोणता रिकामा आहे?

औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ खुनाच्या कैद्यांना घरं दिली. भिंत नाही, कुलूप नाही, बायकापोरं घेऊन राहा आणि शेती करा. डोकं मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरचं, होकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा. ते स्वतंत्रपूर अजून आहे. व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' सिनेमाचं मूळ तिथलंच.

आता त्याच मुलखातल्या एखाद्या टू-बीएचकेत पंधरा वर्षांचं पोरगं महिनाभर ठेवून घ्यायला सांगून बघा. परकंही नको, चुलतभावाचंच. आई गेली, बापाचा पत्ता नाही, आजीला दिसत नाही. "ठेवलं असतं हो, पण आमची मुलगी यंदा दहावीला." मुलगी नसेल तर नवी गाडी असते. खुन्यावर भरवसा ठेवणाऱ्या संस्थानाची लेकरं पोराच्या हातात वायफायचा पासवर्ड द्यायला भितात.

दत्तकाची रांग लागते ती तान्ह्यासाठी. ते गोंडस असतं, आडनाव लगेच चिकटतं. मिसरूड फुटलेलं पोरगं येतं ते फुटका आवाज, दांडगी भूक आणि स्वतःचं मत घेऊन. त्याचं बारसं कोण करणार?

मग कुणीतरी उसासा टाकतं, "पूर्वी वार लावून जेवायची हो पोरं!" सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी कुलकर्ण्यांकडे. आडनावं ऐकलीत ना? साने गुरुजी दापोली सोडून औंधला शिकायला आले, हाताने रांधून जेवले, आणि प्लेगने तेही सुटलं. आटपाडीचे शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेही औंधच्या शाळेतले. त्या महाराच्या पोराला आठवड्यातला कोणता वार मोकळा होता, ते उसासेवाल्यांनी सांगावं.

वार नव्हे, अख्खा आठवडा दिला तो साताऱ्यात लक्ष्मीबाई पाटलांनी. त्यांच्या पतीने, कर्मवीर भाऊरावांनी, १९२४ साली बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. दाणे संपले, नवरा बाहेरगावी, समोर भुकेली पोरं; बाईंनी मंगळसूत्र मोडलं. (कर्मठ सासर-माहेरात हे म्हणजे काय, ते ज्याने त्याने ओळखावं.) आज त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांच्या घरी 'पाहुण्यांची खोली' असते. तिथे गाद्या राहतात.

सरकारने मात्र दार किलकिलं केलंय. कुटुंबात मूल सांभाळायला देण्याच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत एकट्या बाईलाही मूल ठेवून घेता येतं. एकट्या पुरुषालाही, फक्त मुलगी नाही. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. म्हणजे दिवसाला ७५. एवढ्यात वाढत्या अंगाचं पोरगं पोसा म्हणणाऱ्या साहेबांनी बहुधा पोरगं पाहिलंच नसावं.

आमच्या ओळखीच्या एका काकांनी अर्ज आणला, चष्मा पुसला, हिशेब मांडला. मग पोराच्या आजीला विचारलं, "पोरगं भाकरी किती खातं?"

"चार."

"मग वसतिगृहच बरं," काका म्हणाले. "तिथं शिस्त लागते."