मालक न होता ऊस कसा तोडून घ्यावा
(अगदी नवशिक्यांसाठी)

तुम्ही साखरधंद्यात नवे आहात. गाळप परवाना आला, बॉयलर पेटला, आता गव्हाणीत रोज ऊस पडला पाहिजे आणि तो तोडायला हजारो माणसं लागणार. पण माणसं ठेवली की हजेरीपट आला, भविष्यनिर्वाह निधी आला, कोणी गाडीखाली सापडलं तर भरपाई आली. घाबरू नका. माणसं न ठेवता माणसांकडून काम करून घेण्याची विद्या बीड जिल्ह्याच्या जिवावर कित्येक दशकं चालू आहे. तुम्हाला फक्त तिचं पथ्य पाळायचं आहे.

सुरुवात भाषेपासून करा. कामगार, मजूर असले शब्द वहीत येऊ देऊ नका. आपल्याकडं 'कोयता' असतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाला विचारावं, "किती आणलेस?" तो म्हणतो, "वीस कोयते." माणसं उतरली चाळीस, वहीत चढली वीस अवजारं. बायको पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, रात्री गाडी भरायला उठते, पण वहीत तिचं नाव नाही. तिथं नवऱ्याचं नाव आहे आणि त्यापुढं 'एक'. 'डोकी सेंटर' नावाचाही एक प्रकार आहे, त्यात मोळी डोक्यावरून वाहून गाडीत भरतात. नावावरून दचकू नका. तिथंही डोकी मोजत नाहीत, टनच मोजतात.

आता पैसा. हा पावसाळ्यातच धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इकडच्या वाड्या-तांड्यांवर पोचवावा. त्याला 'उचल' म्हणायचं. 'कर्ज' हा शब्द टाळावा, कारण कर्जापायी माणूस बांधून ठेवू नये असा 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे आणि तो वाचणारा एखादा निघतोच. उचल तुमच्या हातून थेट कधीच देऊ नये. कारखान्यानं तोडणी-वाहतूक ठेकेदाराला द्यावी, ठेकेदारानं मुकादमाला, मुकादमानं जोडीला. वरचा करार स्टॅम्पपेपरवर, खालचा बहुधा तोंडी. फार तर कोऱ्या कागदावर अंगठा. पैसा तीन हात खाली उतरतो. जबाबदारीनं मात्र खालून वर एकही हात चढता कामा नये.

मुकादमाबद्दल इथं थोडं थांबतो. शहरातले लोक त्याला खलनायक समजतात आणि तुमच्या ते पथ्यावर पडतं. पण हा बऱ्याचदा कालपरवापर्यंत स्वतःच फडात वाकलेला माणूस असतो. टोळीतली दोन जोडपी रातोरात पळाली की त्यांची उचल याच्या अंगावर येते. कधी मुकादमच उचल घेऊन गायब होतो, मग वरच्या ठेकेदाराची, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याची, जमीन जाते. कोण बुडतं ते वर्षागणिक बदलतं, मात्र कारखान्याच्या खाली कोणीतरी बुडतंच.

तपासणीला साहेब आलेच तर काय बोलायचं, ते पाठ करून ठेवा. "तोडणीचे पैसे कोण देतं?" शेतकरी. हे खरंही आहे, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या एफआरपीतूनच, म्हणजे उसाच्या सरकारी दरातूनच, कापला जातो. शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, टोळी कारखान्यानं पाठवली. टोळी म्हणेल, आम्हाला मुकादमानं आणलं. एवढ्यात चहा येतो. अडचण एकच: कोणता फड कधी तोडायचा, ऊस किती बुडातून घ्यायचा, गाडी कधी काट्यावर आणायची, हे सगळं तुमचं शेतकी खातं ठरवतं. कालिकतच्या एका दोरखंडाच्या कारखान्यानंही आपले कामगार ठेकेदाराचे आहेत असंच सांगितलं होतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी मधला पडदा बाजूला केला आणि मागं कारखान्याचाच मालक उभा दिसला. तो निकाल कोणाच्या हाती लागू देऊ नका.

गमतीची गोष्ट म्हणजे या नसलेल्या नोकरांच्या संघटनांशी दराची बोलणी साखर संघच करतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली ती अशीच.

रस्ता निवडतानाही डोकं चालवावं. स्थलांतरित कामगारांसाठी 1979 चा कायदा होता, तो आता नव्या कामगार संहितेत गेला, पण 'आंतरराज्य' हा शब्द सुटला नाही. टोळी कागल ओलांडून कर्नाटकात निपाणीकडं गेली तर ती स्थलांतरित. कागलच्या अलीकडंच राहायची कोपी टाकली तर कायद्याच्या दृष्टीनं ती घरीच आहे. मग बीडपासून तिनं किती मुलूख तुडवला, हे कोण पाहतो?

ही विद्या आपणच काढली म्हणून फुगू नका. ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीनं बंदूक घेऊन फिरणारे आपले पहारेकरी कागदावर 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून दाखवले. 2007 मध्ये एकाच्या बाबतीत तिथल्या करखात्यानं सांगितलं, हा नोकरच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बगदादच्या निसूर चौकात याच कंपनीच्या माणसांनी 17 इराक्यांना गोळ्या घातल्या, आणि यांच्यावर नेमका कोणाचा कायदा चालतो यावर वकिलांना वर्षानुवर्षं काम मिळालं. आपले पूर्वज याबाबत भोळे. मराठी फौजेत घोडा सरकारचा असेल तर बारगीर, स्वतःचा असेल तर शिलेदार. घोड्याकडं बघितलं की निकाल लागायचा. तुमच्या गाडीवानाचे बैल त्याचे आणि गाडी बहुतेक कारखान्याची. त्याला अर्धा शिलेदार आणि अर्धा बारगीर म्हणावं, आणि दोघांचेही हक्क देऊ नयेत. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी तेवढा जपून हाताळा. त्याच्यासाठी 1981 पासून राज्याचा वेगळा कायदा आहे, सुरक्षा रक्षक मंडळ आहे. साखरेच्या पोत्यावर कोणाची नजर आहे याची सरकारला काळजी असते.

आजारपणाचा भाग नवशिक्यांना अवघड जातो. कामावर न येण्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याला दंड असतो. पोटात दुखलं तरी खाडा, पाळी आली तरी खाडा. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचा आकडा आला: 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. हा आकडा ऐकून बसल्या जागी चुळबुळ करू नका. दंड मुकादमानं लावला, शस्त्रक्रिया डॉक्टरनं केली, कागदावर सही बाईनं केली आणि त्यासाठीची रक्कम अनेकदा पुढच्या उचलीत धरली गेली. तुम्ही त्या खोलीत नव्हताच.

सरकारच्या योजनांना विरोध करू नये, त्या बिनधोक असतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यानं टनाला 10 रुपये द्यायचे. पाहा, तिथंही हिशोब टनाचाच आहे, माणशी नाही. ग्रामसेवक ओळखपत्र देतो, तेही खुशाल घेऊ द्या. त्यावर हा ऊसतोड कामगार आहे एवढंच लिहिलेलं असतं, कोणाचा ते नाही.

मार्च-एप्रिलात कधीतरी पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल. हिशोबाला मुकादमाला बसवा, तुम्ही बसू नका. टन मांडा, उचल वजा करा, खाडे वजा करा, मध्ये पोराच्या तापाला दिलेले पाचशे वजा करा. बहुतेक जोड्यांच्या अंगावर काहीतरी बाकी निघेल. ती वसूल करायची घाई नको. वही तीच ठेवा, नावं तीच ठेवा, बाकीपुढं 'पुढील हंगाम' एवढं लिहा, आणि दसरा झाला की टेम्पो पाठवा.