साहेब आले, झाका!

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला कोणी तयार नसतं. साडू, मेहुणे, व्याही, सगळे दोन पानं सोडून बसतात. मी आमटीत वाटीच्या तळापर्यंत चमचा फिरवला की वधूपित्याचा चेहरा उतरतो. मी बटाट्याची फोड शोधत असतो, पण अन्न सुरक्षा अधिकारी ताटात काही शोधायला लागला की त्याला ते सापडणारच, अशी लोकांची पक्की समजूत आहे. एका लग्नात तर आचाऱ्यानं वाढप्याला माझ्यादेखत बजावलं, "त्या कोपऱ्यातल्या साहेबांना वरचं वरण वाढ." खालच्या वरणात काय होतं, हे मी विचारलं नाही. मी आहेर देऊन जेवायला गेलो होतो.

4 ऑगस्ट 2011 पर्यंत मी अन्न निरीक्षक होतो. दुसऱ्या दिवशी 2006चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला, 1954चा भेसळ प्रतिबंधक कायदा इतिहासजमा झाला आणि मी अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून उठलो. पगार तोच, गाडी तीच, तिसरा गिअर पडताना होणारा आवाजही तोच. धानोऱ्याच्या बाजारानं मात्र दोन्ही कायद्यांची दखल घेतली नाही. तिथं मी आधीही भेसळवाला साहेब होतो आणि नंतरही.

धानोरा नंदुरबार तालुक्यात, पण गुजरातच्या हद्दीला इतकं लागून की बाजारात उभं असताना मोबाईल मधूनच गुजरातेत आपलं स्वागत करतो. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं बाजाराला येतात. अहिराणी, मावची, भिलोरी, गुजराती, सगळ्या भाषा एकाच ताडपत्रीखाली भाव करत असतात. सुकी मासळी, मिरची, तूर, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध भज्यांच्या कढया. माझ्या कामाला याहून भरलेली जागा नाही. अडचण एवढीच की मला यातलं खरं काहीच बघायला मिळत नाही.

गाडी वळणावर असते तेव्हाच पहिली हाक उठते, "साहेब उनात!" मग ती ओट्या-ओट्यावरून पुढं जाते. मी उतरेपर्यंत बाजाराचं सासर झालेलं असतं, जो तो डोक्यावर पदर घेतोय. जिलबीवाला टोपी घालतो. शेववाला ॲप्रन चढवतो, गडबडीत उलटा, त्यामुळे खिसा आतल्या बाजूला जातो आणि सुटे पैसे द्यायची वेळ आली की त्याला गळ्यातून हात घालावा लागतो. नखं कापायला ब्लेड फिरतं. एकदा तर मी एका पोराला कढईखालच्या दगडाला साबण लावताना पाहिलं.

त्यातलं ते जाळीचं झाकण मी विसरणार नाही. मिठाईवर माशा बसू नयेत म्हणून जाळी हवी, असं मी मागच्या खेपेला सगळ्यांना दमात घेऊन सांगितलं होतं. या खेपेला पहिल्या दुकानी बघतो तर पेढ्यांवर जाळी. दुसऱ्या दुकानी जिलबीवर जाळी. तिसरीकडे बुंदीवर जाळी. मला भरून आलं. प्रबोधनानं माणसं बदलतात, असं वाक्य मी मनातल्या मनात मासिक अहवालासाठी जुळवायलाही घेतलं. चौथ्या दुकानी लक्षात आलं की जाळी एका कोपऱ्यात फाटली आहे आणि तिथं निळ्या दोऱ्यानं शिवलं आहे. तिसऱ्या दुकानीही तसंच होतं. दुसऱ्याही. मी बोललो काहीच नाही, फक्त पुढं जायच्या ऐवजी गर्रकन मागं वळलो. ओट्यांच्या मागून वाकून पळत निघालेलं एक आठ-दहा वर्षांचं पोरगं जाळी छातीशी धरून थेट माझ्या पोटावर आदळलं. पूर्ण बाजारात एकच जाळी होती आणि ती माझ्यापुढं एक दुकान राखून चालत होती. सगळ्यांनी वर्गणी काढून घेतली होती म्हणे. सहकारी चळवळीबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, एवढं चोख काम कुठं बघितलेलं नाही.

नोंदणीचं समजावणं हा वेगळाच प्रयोग असायचा. वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर परवाना लागत नाही, नुसती नोंदणी पुरते आणि फी वर्षाला 100 रुपये, असा तेव्हाचा नियम. भजीवाल्या नानांना मी हे सांगितलं तर ते झारा कढईत तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले. "12 लाख? साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो." मग बराच विचार करून म्हणाले, "पण मी 100 दिले तर 12 लाखांची हमी कोण घेतं?"

याच नानांकडून मी गुजराती वाचायला शिकलो. छापील कागदाची शाई अन्नात उतरते, म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, असं केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2016 साली बजावलं. धानोऱ्यात रद्दी येते ती सुरतेकडची. भजी उचलून झाली की कागद पारदर्शक व्हायचा, राशीत धनलाभ आणि त्याच्या आरपार मागच्या पानावरचं कुणाचं तरी बेसणं, म्हणजे शोकसभा, एकदम दिसायचं. मी म्हटलं, नाना, आजूबाजूला एवढी पळसाची झाडं आहेत, पानात द्या की. नाना म्हणाले, "पानावर तर तो घरी रोजच खातो. बाजारात येऊनही पान दिलं तर तो बाजारात आला कशाला?" यावर कायद्यात उत्तर नाही.

तेलाचं त्याहून अवघड. तळून तळून तेलात जी घटकद्रव्यं साचतात त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या पुढं गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा 1 जुलै 2018 पासूनचा नियम आहे. ते मोजायला एक यंत्र असतं, लांब दांडी आणि वर आकडा. मी ते कढईत बुडवलं की भोवती गर्दी जमते. "तेलले कितला ताप शे?" एका आजीनं विचारलं. आकडा पाहून मी म्हटलं, बराच आहे. नानांचं म्हणणं असं की कढई कधी रिकामी करायचीच नसते, जुन्यात नवं घालत जायचं, विरजण राखतात तसं तेल राखायचं. तेल अख्खं बदललं त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, आज भज्याला चव नाही. मी ते तेल ओतायला लावलं. नानांनी ते गाडीच्या आसाला घालायला एका बैलगाडीवाल्याला दिलं आणि पुढचा तासभर प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्याकडं बोट दाखवून सांगत राहिले, "चव साहेबांनी नेली."

नियम करणारी माणसं हुशार असतात, पण त्यांच्या घरात लहान मूल नसावं असा मला दाट संशय आहे. 2018च्या उन्हाळ्यात राज्यात ठरलं की कारखान्यातला, मासळी ठेवायचा, म्हणजे न खाण्याचा बर्फ निळा करायचा आणि खाण्याचा पांढरा ठेवायचा. म्हणजे लोकांना लांबूनच कळेल. गोळेवाल्यांनी तो बर्फ वापरू नये, हा हेतू उत्तम. मी बाजारात उभं राहून पोरांना समजावलं की निळा बर्फ खायचा नसतो. पोरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यातलं एक गोळेवाल्याकडं गेलं आणि म्हणालं, "काका, मला तो निळा." काकांकडं बर्फ पांढराच होता हो, मी तपासला होता. पण आता त्यांना पोरांची समजूत घालायला निळ्या सरबताची बाटली दुप्पट उलटी करावी लागत होती.

माझ्या खात्याचं नसलेलंही पुष्कळ काही माझ्या गळ्यात पडतं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्याच जिल्ह्यात, नवापूरला. काम पशुसंवर्धनवाल्यांचं. तिथल्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या त्यांनी मारून पुरल्या, ते दिवस चेष्टेचे नव्हते, उभे धंदे बसले. रेल्वेनं गाड्यांमधली अंडी-चिकन बंद केली. पण ज्याला त्याला रस्त्यात सापडायचो मी. नीट शिजवलेल्या कोंबडीत, म्हणजे 70 अंशांच्या वर गेलेल्या, हा विषाणू टिकत नाही, हे मी सांगत सुटायचो. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मग साहेब, आधी तुम्ही खा." बायकोनं घरात अंडं आणायला बंदी केली होती. बाहेर शास्त्र सांगायचं आणि घरी भेंडी खायची, असा तो महिना गेला.

तीच गत महाशिवरात्री-नवरात्राची. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि तिचं विष होतं. तयार पीठ असेल तर अधिकच, कारण पिठात बुरशी दिसत नाही. म्हणून सुटं पीठ घेऊ नका, भगर निवडून, धुऊन घरीच दळा, असं आम्ही दरवर्षी ओरडतो. तरी एखाद्या वर्षी कुठूनतरी फोन येतोच. मटण खाणारे ठणठणीत असतात आणि उपवासवाले सलाईनवर.

आता मिरची. नंदुरबार म्हणजे मिरचीचं आगार. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर वाळत घातलेल्या मिरचीनं रान लाल होतं आणि अनोळखी माणूस शिंकत शिंकत जिल्ह्यात शिरतो. अशा मुलखात मिरची पुडीचा नमुना घेणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याची परीक्षा. पण नियम तो नियम. धानोऱ्याच्या बाजाराच्या कडेला एक माय ताडपत्रीवर पुडीचा ढीग घालून बसायची. दळलेला मसाला सुटा विकायचा नाही, पाकिटातच विकायचा, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बंद पाकिटमा खरी का खोटी कशी समजी?" आणि समोरच्या गिऱ्हाइकानं चिमूट तळहातावर चोळली, कागदावर दाबून तेल सुटतं का पाहिलं, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि भाव पाडून मागितला. माझ्या प्रयोगशाळेला यासाठी 14 दिवस लागतात.

तरी मी नमुना घेतलाच. विटेचा भुगा पाण्यात तळाला बसतो, तो कोणालाही सापडेल. तेलात विरघळणारे सुदानसारखे रंग तळहाताला कळत नाहीत, डोळे कितीही मिटले तरी.

पंच हवा. पंच म्हटल्यावर मघाशी खांद्याशी खांदा लावून उभी असलेली गर्दी दोन मिनिटांत पांगली. उरला तो झाडाखाली न्हाव्यापुढं बसलेला एक इसम, अर्धी दाढी झालेला. त्याला पळता येत नव्हतं. तो गालाला फेस तसाच ठेवून आला. मी नमुन्याचे चार भाग केले, बरण्यांत भरले, बरण्या जाड कागदात गुंडाळल्या, वरून खालपर्यंत चिठ्ठी चिकटवली, सुतळी बांधली. मग मेणबत्ती. प्रत्येक पुडक्यावर लाखेचे चार ठसे, एक वर, एक खाली, दोन अंगावर. चार पुडकी म्हणजे सोळा ठसे, आणि धानोऱ्याला वारा. पंचानं टोपीचा आडोसा केला. लाख ठिबकायला लागली तसं मायनं डोक्यावर पदर घेतला, कुठून तरी एक पोर अगरबत्ती घेऊन आलं. मग मायचा अंगठा, निम्मा चिठ्ठीवर, निम्मा कागदावर. पंच सही करायला वाकला आणि त्याच्या हनुवटीचा फेस लोंबायला लागला, तेव्हा मी पुडकं जे मागं ओढलं! कारण तो थेंब आत गेला असता तर मिरचीत साबणाची भेसळ निघाली असती आणि माय गुन्हेगार ठरली असती.

नमुन्याची किंमत चालू भावानं विकत घेतल्यासारखी द्यावी लागते. फुकट नेता येत नाही. मी नोटा मोजल्या तसा मायचा चेहरा बदलत गेला. चार भागांत तिचा अर्धा ढीग संपला होता. एवढं मोठं गिऱ्हाईक तिला त्या दिवशी दुसरं मिळालं नव्हतं. "दर बाजारले येत जा, साहेब," ती म्हणाली.

अहवाल चांगला आला. पूड मानकाप्रमाणे होती. पुढं मी बाजारात गेलो तर माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली. मायनं पूड पाकिटांत भरली होती, मेणबत्तीवर तोंडं चिकटवून, वर सुतळी बांधून. भाव किलोमागं दहा रुपयांनी चढला होता. गिऱ्हाइकांना ती सांगत होती की सरकार माझ्याकडनं मिरची नेतं, लाख लावून नेतं. चोळून बघायला तिनं एक पाकीट फोडून शेजारी ठेवलं होतं.

घरची पूड संपली होती. मी पिशवी पुढं केली आणि म्हटलं, माय, अर्धा किलो दे, घरी न्यायचीय.

मायनं तराजू उचलला, आणि परत खाली ठेवला. माझ्या मागं, उजवीकडं, डावीकडं बघितलं. झाडाखाली न्हावी होता, पण त्याच्यापुढं कोणी बसलेलं नव्हतं.

"देस ना," ती म्हणाली. "पंच कोठे शेतस?"