मैत्रीचं बिल सोबत जोडावे

कोलकात्याच्या बालीगंजात दुर्गापूजेच्या दिवसांत एकडालिया एव्हरग्रीन आणि सिंघी पार्क या मंडळांच्या मंडपांसमोर अशी रेटारेटी असते की पोलीस आणि जनता यांच्यात बोटभरही अंतर उरत नाही. तरी या दोघांना आणखी जवळ आणायची सोय २०२० साली सरकारी पैशातून झाली.

त्या वर्षी पश्चिम बंगाल सरकारने सुमारे ३७ हजार पूजा मंडळांना प्रत्येकी ५० हजार रुपये जाहीर केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. १६ ऑक्टोबरला न्यायालयाने वाटणी करून दिली: ७५ टक्के मास्क-सॅनिटायझरवर, २५ टक्के पोलीस-जनता संबंध दृढ करण्यावर. म्हणजे मंडळामागे साडेबारा हजारांची मैत्री. राज्यभराचा गुणाकार ४६ कोटींवर जातो. एवढ्यात माणसं भाऊबंदकीसुद्धा मिटवतात.

वर खर्चाची बिलं सादर करायची होती. मास्कचं बिल औषधवाला देतो. हवालदाराशी हसून बोलल्याची पावती कुणी फाडायची? कार्यकर्त्यांच्या करमणुकीवर पैसा उडवायला मनाई असल्याने ‘चहापाणी’ हा पोलिसांशी जवळीक साधण्याचा आपला पिढीजात मार्गही बंद.

तीनच दिवसांनी त्याच न्यायालयाने करोनापायी मंडपात प्रेक्षकांना मज्जाव केला. लहान मंडपापासून ५ मीटर, मोठ्यापासून १० मीटर लांब राहायचं. अलीकडे जनता, पलीकडे देवी, आणि मधल्या बॅरिकेडवर जनतेला मागे ढकलणारा तिचा नवा मित्र.

मंडपावाचून ही मैत्री जमते, हे कोलकाता पोलिसांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचा ‘प्रणाम’ उपक्रम २००९चा: एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद, चोवीस तास मदतवाहिनी, पोलिसांची घरी येऊन विचारपूस. मुलं परदेशी आणि आई-बाप जुन्या वाड्यात, अशा बालीगंजात त्याचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे भिवंडीत १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली माणसं घेऊन मोहल्ला समित्या बसवल्या. १९८४च्या दंगलीत होरपळलेलं हे गाव १९९२-९३ला मुंबई पेटली तेव्हा शांत राहिलं. त्यासाठी कुणाला देवीचं अनुदान वळवावं लागलं नव्हतं.

२०२५ साली मंडळांचं अनुदान १ लाख १० हजारांवर गेलं. २०२०चीच वाटणी लावली तर मैत्रीचा भाव साडेसत्तावीस हजार होतो, आणि बॅरिकेडवरच्या हवालदाराला त्यातली दमडी दिसत नाही.