बाशिंग ते नी-कॅप

गुडघ्याला तरुणपणी बाशिंग बांधतात आणि साठीनंतर नी-कॅप. या दोन सोहळ्यांच्या मधल्या काळात सांध्यात जी झीज होते, तिचे घरगुती निदान ठरलेले असते: वंगण संपले.

हा सिद्धांत लोकप्रिय आहे, कारण स्कूटर चालवलेल्या कोणालाही तो पटतो. फक्त तो चुकीचा आहे. दुखऱ्या गुडघ्यात द्रव बहुधा आटत नाही, उलट साठतो. सूज येते ती त्यानेच. दाटपणा तेवढा घटतो. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिला ना रक्तवाहिन्या, ना चेतातंतू. त्यामुळे ती वर्षानुवर्षे निमूटपणे झिजते आणि बोंब ठोकतात ते खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. हाडाच्या कडांना काटे फुटतात. पण एक्स-रे आणि वेदना यांचे फारसे पटत नाही: काटेवाला गृहस्थ पर्वती चढून येतो आणि बरा एक्स-रेवाला जिन्याचा कठडा सोडत नाही.

कारणांमध्ये वय सर्वांना आवडते, कारण त्याचा दोष कुणाकडेच जात नाही. वजनाचे तसे नाही. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना तिपटीहून जास्त. म्हणजे पंगतीत आग्रहाने वाढलेला किलो गुडघ्याच्या खात्यावर व्याजासह चढतो. शिवाय चरबी दाह वाढवणारी द्रव्ये सोडते, ते वेगळेच. रजोनिवृत्तीनंतर बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा अधिक होतो. आनुवंशिकता, फेंगडे पाय, कबड्डीत फाटलेला अस्थिबंध, जन्मभर उकिडवे बसून केलेले काम हीही कारणेच.

सकाळचा ताठरपणा या विकारात साधारण अर्ध्या तासात ओसरतो. तो तासभर टिकला आणि हातांची बोटेही सुजली, तर आमवाताची शंका घ्यावी. तो आजार निराळा, उपचारही निराळे.

तेल चोळल्याने बरे वाटते, विशेषतः सुनेने चोळल्यास. कूर्चा मात्र भरून येत नाही. तिचे पोषण हालचालीतून होते: दाबली की द्रव बाहेर, सुटली की आत. म्हणून ‘आता अगदी हलू नका’ हा शेजारचा सल्ला तिला उपाशी ठेवतो. खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. अगदीच निभेनासे झाले तर सांधा बदलतात. 2017 साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादाही घातली. मात्र शस्त्रक्रियेनंतरही मांडीचे व्यायाम चुकत नाहीत, फक्त ते फिजिओथेरपिस्टच्या डोळ्यांदेखत करावे लागतात.