केबिनकाका

पिंपरी-चिंचवडमधल्या दीड-दोनशे फ्लॅटांच्या कोणत्याही सोसायटीतून वीस-पंचवीस जण मुंबई-गोवा क्रूझला निघाले, की त्यांच्यात एक केबिनकाका निघतोच. वय पंचावन्नच्या पुढे. हयात एखाद्या वाहन कंपनीत, नाहीतर तिला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या कारखान्यात गेलेली. गळ्यात ओळखपत्र अडकवायची सवय इतकी जुनी, की जहाजाचं केबिन उघडायचं कार्डही तो पट्टी लावून गळ्यातच घालतो. बॅलार्ड पिअरला बॅगा स्कॅनरमधून जायच्या आतच त्याच्या हातात कागद आलेला असतो: नाव, डेक, केबिन नंबर, प्रकार, शेरा. वर ठळक अक्षरांत 'केबिन-भेट, सायंकाळी 5.10 ते 6.25'. सात केबिनी, प्रत्येकी नऊ मिनिटं, मधल्या चालण्याला दोन-दोन मिनिटं. बेरीज बरोबर पंचाहत्तर. हे तो तोंडी पटवून देतो, कारण 5.10 च का, साडेपाच का नाही, असं विचारणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि त्याच्यासाठी उत्तर तयार ठेवावं लागतं. (अशा काकूही असतात. पण काकूंना कागद लागत नाही.) बाकीचे मागे हसतात, "हे आता इथेही ऑडिट घेणार" म्हणतात. हसायला माझीही हरकत नाही. पण हसून झाल्यावर त्याला चोंबडा म्हणून निकालात काढतात, तिथे माझी हरकत आहे. केबिनकाका ज्या गावात घडला, त्या गावात त्याच्यावाचून माणसांच्या ओळखी झाल्या नसत्या, असं माझं म्हणणं आहे.

त्याच्यावरचा पहिला आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. केबिनी सगळ्या सारख्याच, मग बघायचं काय? सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलियाच्या नावाने फिरणारं 'एम्प्रेस' हे जहाज 1990 साली फ्रान्समधल्या सां-नाझेरच्या गोदीत बांधलेलं. त्यात केबिनी आठशेच्या आसपास. पण प्रकार मोजायला एका हाताची बोटं पुरतात: आतली बिनखिडकीची, समुद्र दिसणारी, बाल्कनीवाली, सुइट. अलीकडच्या जहाजांत तर केबिन जमिनीवरच्या कारखान्यातच अख्खा डबा म्हणून तयार होते, पलंग, कपाट, न्हाणीघर, वायरिंगसकट, आणि मग जहाजाच्या सांगाड्यात सरकवून जोडतात. हे केबिनकाकाला कुणी सांगितलं की त्याचा चेहरा उजळतो, कारण चाकणच्या असेंब्ली लाइनवर त्याने हेच पाहिलेलं असतं. आणि तिथेच तो एक गोष्ट शिकलेला असतो. मशीन तेच, कच्चा माल तोच, ड्रॉइंग तेच, तरी पहिल्या पाळीचा माल आणि तिसऱ्या पाळीचा माल वेगळा निघतो. म्हणजे फरक ऑपरेटरचा. जवळजवळ एकसारख्या सात डब्यांत सात कुटुंबं शिरून चार तास झाले, की ते डबे एकसारखे उरत नाहीत. एकीत कपाटाच्या मुठीपासून दिव्याच्या ब्रॅकेटपर्यंत सुतळी बांधून त्यावर दोन टॉवेल आणि एक बनियन वाळत असतं. दुसरीत बॅगेची चेनही उघडलेली नसते, आणि ती का उघडली नाही हे विचारायचं नसतं. तिसरीत आरशाखालच्या फळीवर मोरया गोसावींच्या देवळातून आणलेला गणपतीचा फोटो, त्याच्यापुढे वाटीत खडीसाखर. आणि चौथीच्या न्हाणीघरात, त्या परदेशी शॉवरखाली, घरून आणलेला निळा प्लास्टिकचा मग. तो मग दिसला की मंडळींत एक सुटकेचा निःश्वास पसरतो, कारण उरलेल्या सहांपैकी निदान तिघांनी आपापला मग पाहुणे यायच्या आधी कपाटात दडवलेला असतो. केबिन बघायला गेलेली माणसं केबिन बघतच नाहीत, आपला शेजारी बघतात. केबिनी साधारण एकाच साच्याच्या असल्यामुळे शेजारी जास्तच स्वच्छ दिसतो.

ही दृष्टी या पट्ट्यात कुठून आली, ते बघायला जहाजावरून खाली उतरावं लागेल. चिंचवड गाव जुनं, देवस्थान जुनं. पण आजचं पिंपरी-चिंचवड कारखान्यांच्या मागे उभं राहिलं. 1954 साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज आल्या, त्यांच्यामागे भोसरीच्या शेडा आल्या, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि पुढे नाशिक रस्त्याने कारखाने चाकणला पोचले. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे 2009 साली सुरू झाला. लातूरचा फिटर, जळगावचा टूलमेकर, साताऱ्याचा सुपरवायझर, गोरखपूरचा वेल्डर हे सगळे कामासाठी आले आणि राहायला एकाच बिल्डरच्या एकाच नकाशाच्या घरांत गेले. गावाकडे कुणाच्या घरात कोठी कुठे आहे हे पिढ्यान् पिढ्या माहीत असतं, तिथे घर दाखवायचा कार्यक्रम कोण ठेवील? इथे समोरच्या दारातला माणूस तिसऱ्या पाळीला असला, तर सहा-सहा महिने त्याचे फक्त बूट दिसतात. म्हणून मोशी, रावेत, पुनावळेच्या नव्या टॉवरमध्ये ताबा मिळाला की ओळख नाव-गावापासून सुरू होत नाही. ती अशी सुरू होते: "तुमचा पाचशे दोन ना? आमचा सातशे दोन. प्लॅन तोच. ड्राय बाल्कनीचं काय केलंत, जरा बघू का?" पाहुणा आत येतो, ओट्याची उंची बघतो, माळ्याला हात लावून प्लाय कुठला विचारतो, आणि जाताना सुताराचा नंबर घेऊन जातो. चहा होतोच. पुढच्या संक्रांतीला त्या दोन घरांत हळदीकुंकवाची ये-जा सुरू झालेली असते. केबिनकाकाने हीच पद्धत उचलून डेक नंबर सातवर नेली. ज्यांना तो चोंबडा वाटतो, त्यांच्या स्वतःच्या ओळखी ओट्यावरूनच झालेल्या असतात. फक्त वीस वर्षांत ते विसरलेले असतात.

त्याची शिस्त कारखान्याची, याबद्दल वाद नाही, आणि तिच्यातली गंमत लपवायचंही कारण नाही. साहेब लोक केबिनमधून उठून शॉप फ्लोअरवर चक्कर मारतात त्याला गेंबा वॉक म्हणतात. इथे शॉप फ्लोअरवरचा माणूस उठून केबिनींत चक्कर मारतो, एवढाच फरक. पहिल्या दाराशी तो सगळ्यांना थांबवून टूलबॉक्स टॉक घेतो: एका वेळी सहाच जण आत, बाकीच्यांनी भिंतीला लागून उभं राहायचं, पॅसेज मोकळा ठेवायचा, पलंगावर बसायचं नाही, जिने वापरायचे, लिफ्ट ज्येष्ठांसाठी. ('ज्येष्ठ' म्हणजे कोण, यावर तो स्वतः शांत असतो.) सुइटच्या बाल्कनीत फोटोसाठी रेंगाळणाऱ्यांना तो "लाइन थांबली" एवढंच म्हणतो, आणि चाकणला वीस वर्षं काढलेली माणसं ते दोन शब्द ऐकून खरोखरच दचकून पुढे सरकतात. जहाजावरची सुरक्षा कवायत मनापासून आवडलेला तो एकमेव प्रवासी. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, त्यानंतर नियम कडक झाले आणि ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. बाकीचे तेव्हा डेकवर सेल्फीची जागा शोधत असतात. हा लाइफ जॅकेटच्या पट्ट्या ओढून बघतो आणि शिट्टी वाजते का ते विचारतो. सात दारं शोधताना आणीबाणीत आपण जमायचा डेक कुठला, आगीचं दार कुठे, जिना कुठे निघतो, हे वीस माणसांच्या पायांना कळून जातं. हा फायदा त्याने मुद्दाम योजलेला नसतो, पण कुणी आक्षेप घेतलाच तर तो योजलेला होता असं सांगायला त्याला वेळ लागत नाही.

आता खरा आक्षेप. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या झोपायच्या खोलीत वीस जणांनी का शिरावं? याला उडवून लावता येत नाही. अमेरिकेतल्या क्रूझवर हाच प्रकार 'केबिन क्रॉल' या नावाने चालतो. तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या केबिनींतले काही प्रवासी आपण होऊन यजमान व्हायला तयार होतात आणि बाकीचे पेला हातात घेऊन फिरतात. आपल्याकडे आपण होऊन कोणी पुढे येत नाही. "तुमचं नाव लिहितो हं, वहिनी," असं म्हणत काका लिहूनच टाकतो, आणि वीस जणांदेखत नाही म्हणायला वहिनींना जमत नाही. हा आग्रह म्हणजे संमती नव्हे, हे मान्यच करायला हवं. पण म्हणून कार्यक्रमच वाईट ठरत नाही. त्यातून केबिनकाकांच्या दोन जाती ओळखता येतात. कनिष्ठ जातीचा काका कपाट उघडतो. त्याला हँगर मोजायचे असतात, तिजोरी कशी लागते ते बघायचं असतं; असल्या माणसाला पुढच्या वेळी लोणावळ्यालाही नेऊ नये. उत्तम जातीचा काका केबिन-धारकाने दार उघडेपर्यंत दोन पावलं मागे उभा राहतो, कपाटाकडे पाठ करून बोलतो, आणि त्याच्या कागदावर एका केबिनपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. कारण लिहिलेलं नसतं, कोणी विचारलं तर तो विषय बदलतो. बहुतेकदा ती रेघ त्याच्याच केबिनपुढे असते. काकूंनी निघतानाच सांगितलेलं असतं, "जगाची दारं उघडा, आपलं बंद." नकार कसा पचवायचा हे तो घरीच शिकून आलेला असल्यामुळे दुसऱ्याचा नकारही त्याला लागत नाही.

श्रीमंतीच्या प्रदर्शनाचा आरोप त्याहून नाजूक. बाल्कनीवाल्याने बिनखिडकीच्या केबिनवाल्याला समुद्र दाखवायचा, म्हणजे त्याला त्याची ऐपत दाखवायची, असं म्हणणारे म्हणतात. जुन्या कोकणबोटींवर हा प्रश्न बहुतेकांपुरता नव्हताच. भाऊच्या धक्क्यावरून हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला जाणारे डेकवरच पथारी टाकत. कोणाच्या वळकटीत काय आहे हे अर्ध्या बोटीला दिसायचं, आणि ओळखी करून द्यायला कोणी लागायचं नाही. भिंती आल्या, दरांचे चार प्रकार आले, आणि त्याबरोबर चोरून होणाऱ्या तुलनाही आल्या. कारण तुलना दार बंद ठेवल्याने थांबत नाही. कोणी किती भरले ते ग्रुपला दोन महिने आधीच माहीत असतं. दार बंद असेल तर त्यावर कल्पना चालते, आणि कल्पनेतली बाल्कनी खऱ्या बाल्कनीच्या दुप्पट असते. उघडून पाहिली की तिथे दोन खुर्च्या, एक तिपाई, खारा वारा आणि ओले चड्डी-बनियन एवढंच निघतं. शिवाय जाणता काका क्रम उलटा लावतो. सुइट आधी, त्या वेळी माणसं नवी असतात, अवघडलेली असतात, "छान, छान" म्हणून निघतात. शेवटी ठेवायची ती सगळ्यात स्वस्त आतली केबिन. तिथे बघायला खिडकी नाही, म्हणून माणसं एकमेकांकडे बघतात; तिथे नऊ मिनिटांचा नियम स्वतः काकाच मोडतो; आणि तिथेच चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट फुटतं. समारोपाच्या सगळ्या फोटोंत मागे तीच बिनखिडकीची भिंत दिसते. सुइटवाल्यांना याचं थोडं वाईट वाटतं. वाटू द्यावं.

समुद्र बघायला आलो आणि कॉरिडॉर बघत फिरलो, या तक्रारीत फारसं तथ्य नाही. जहाज संध्याकाळी सुटतं, तासाभरात मुंबईचे दिवे मागे पडतात, आणि मग सकाळपर्यंत समुद्र म्हणजे काळोख. तेवढ्या वेळात बहुसंख्य प्रवासी बुफेच्या रांगेत उभे असतात. केबिनींचे व्हिडिओ मोबाइलवर आधीच दिसतात, मग कशाला जायचं, हेही कोणी तरी म्हणतंच. व्हिडिओत कोणी "बसा ना" म्हणत नाही. गुरुवारची कंपनीची सुट्टी आणि त्याला जोडून मागितलेल्या दोन रजा खर्चून आलेल्या माणसाला हा फरक समजावा लागत नाही.

एका आक्षेपाला मात्र केबिनकाकाकडे सुरुवातीला उत्तर नसतं, कारण तो घेणारा माणूस बोलतच नाही. प्रत्येक डेकवर केबिनी लावणारा स्टुअर्ड असतो. या धंद्यात गोव्याची माणसं पूर्वापार आहेत. एकसारख्या डब्यांत माणूस कसा वेगळा दिसतो, हे काकाने सात केबिनींवरून ओळखलं. स्टुअर्ड ते रोज दोन वेळा त्याच्या वाट्याच्या सगळ्या केबिनींत बघतो, सुतळीसकट आणि मगासकट, आणि कोणाला सांगत नाही. त्याने नुकतीच चादर ताणून बसवलेली असते, आणि दहा मिनिटांत सहा-सहा माणसं आत-बाहेर होऊन गालिच्यावर बाकरवडीचा चुरा पडतो. पहिल्या क्रूझला काकाला हे सुचत नाही. दुसऱ्या क्रूझपासून तो कागद पक्का करण्याआधी कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीजवळ जाऊन उभा राहतो आणि स्टुअर्डला वेळ विचारतो. मग उत्तर ऐकून 5.10 वर काट मारून 4.40 लिहितो, कारण सहानंतर सगळ्या पलंगांवर टॉवेलचे हत्ती करायचे असतात आणि त्या कामात स्टुअर्डला मधे कोणी नको असतं.